वडगावातील विणकर गल्लीच्या पुनर्विकासासाठी आर्किटेक्टांची स्पर्धा घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी?

गल्ली समिती, वडगाव (प्रश्नकर्ते)

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या वडगाव भागात आमची विणकरांची जुनी गल्ली आहे. सुमारे साठ घरे आहेत. भिंती मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या, वर खानापुरी कौले किंवा पत्रे, परसात विहीर, आणि निम्म्याहून अधिक घरांत सोप्यात किंवा मधल्या खोलीत पॉवरलूम. वाटण्या होत होत एकेका घराचे तीन-तीन भाग झाले आहेत. काही घरमालक पुण्यात किंवा गोव्यात राहतात आणि त्यांच्या जागेत भाडेकरू आहेत. पावसाळ्यात दोन-तीन घरांच्या भिंती दरवर्षी खचतात, त्यामुळे काहीतरी करावे लागणार हे सर्वांना मान्य आहे.

एका बिल्डरने सगळी गल्ली पाडून तीन इमारती बांधण्याचा प्रस्ताव दिला होता. त्यात तळमजल्यावर वाहनतळ होते आणि मागांसाठी जागाच नव्हती. माग कोठे न्यायचे असे विचारल्यावर औद्योगिक वसाहतीत गाळे घ्या, असे उत्तर मिळाले. आमच्या घरांत कांड्या भरण्याचे काम बायका आणि म्हातारी माणसे करतात. ती रोज रिक्षाने वसाहतीत कशी जाणार, याचा विचार त्या आराखड्यात नव्हता. सभेने तो प्रस्ताव नाकारला.

आता समितीतील काही तरुणांचे म्हणणे असे की, आर्किटेक्टांची खुली स्पर्धा घ्यावी, चांगल्या आराखड्याला बक्षीस द्यावे आणि गल्लीतील लोकांनी मतदान करून विजेता निवडावा. ज्येष्ठ मंडळींना हा फुकटचा खर्च वाटतो. त्यांचे म्हणणे, तीन-चार ओळखीच्या आर्किटेक्टांकडून नकाशे मागवावेत आणि आवडेल तो घ्यावा. अशा स्पर्धेचे काही नियम आहेत का, परीक्षक कोण असावेत, गल्लीचे मतदान चालते का, आणि विजेता बेंगळूरु किंवा मुंबईचा निघाला तर पुढे काम कसे करून घ्यायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीतील आर्किटेक्ट

आपल्या ज्येष्ठांची सूचना स्वस्त वाटते, परंतु ती जशीच्या तशी अमलात आणता येणार नाही. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ खाली वास्तुकला परिषद स्थापन झाली आणि परिषदेचे व्यावसायिक वर्तणुकीचे विनियम १९८९ चे आहेत. परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घेतलेली स्पर्धा वगळता, नोंदणीकृत आर्किटेक्टाने इतर आर्किटेक्टांशी चढाओढ करत एकाच ग्राहकासाठी विनामूल्य किंवा कमी शुल्कात आराखडे तयार करू नयेत, असे त्या विनियमांत म्हटले आहे. म्हणजे चार जणांकडून फुकट नकाशे मागवणे ही वरवर साधी वाटणारी गोष्ट त्या चौघांनाही नियमभंगात ओढते. जे तरीही काढून देतील त्यांचा नकाशा एका रात्रीत काढलेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

स्पर्धेचे प्रकार दोन अंगांनी पाहावेत. पहिले अंग हेतूचे आहे: केवळ कल्पना मागवणारी स्पर्धा, किंवा प्रत्यक्ष बांधायच्या प्रकल्पाची स्पर्धा. दुसरे अंग सहभागाचे आहे: सर्व नोंदणीकृत आर्किटेक्टांना खुली, मर्यादित, किंवा थेट निमंत्रितांची. कल्पनास्पर्धेत विद्यार्थीही घेता येतात, पण तिच्या विजेत्याला काम देण्याचे बंधन नसते. आपल्याला घरे बांधायची आहेत, तेव्हा कल्पनास्पर्धा घेऊन वृत्तपत्रात छायाचित्रे आली तरी भिंती खचायच्या त्या खचतीलच.

माझी शिफारस दोन टप्प्यांच्या प्रकल्पस्पर्धेची आहे. पहिल्या टप्प्यात खुले आवाहन करावे आणि मागणी फार थोडी ठेवावी: गल्लीचा एकंदर विचार सांगणारे एक-दोन तक्ते (नकाशे-चित्रांचे मोठे कागद), एका घराचा माग धरून काढलेला नकाशा, आणि दोन पानांचे टिपण. त्यांतून चार किंवा पाच जण दुसऱ्या टप्प्यासाठी निवडावेत व त्या प्रत्येकाला ठरलेले मानधन द्यावे, मग तो जिंको वा न जिंको. तपशीलवार नकाशे, खर्चाचा अंदाज आणि बांधकामाचे टप्पे हे सर्व दुसऱ्या टप्प्यात मागावे. पहिल्याच फेरीत सगळे मागितले, तर मोठी कार्यालये तेवढी उरतात आणि बेळगाव, निपाणी, चिकोडीतील लहान कार्यालये अर्जच करत नाहीत.

परीक्षक मंडळ विषम संख्येचे असावे आणि त्यात आर्किटेक्ट बहुसंख्य असावेत. पाच जणांचे मंडळ आपल्याला पुरेल: तीन आर्किटेक्ट, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि गल्लीचा एक प्रतिनिधी. तिघांपैकी निदान एकाने वस्तीतील घरांचे काम केलेले असावे. नुसते बंगले किंवा मॉल केलेले नकोत. परीक्षक म्हणून नेमणूक स्वीकारणाऱ्या आर्किटेक्टाने परिषदेला तसे कळवणे बंधनकारक आहे, हे त्यांच्याशी बोलताना लक्षात ठेवावे. परीक्षकांची नावे आवाहनातच छापावीत, कारण चांगले आर्किटेक्ट बक्षिसाच्या रकमेआधी परीक्षक कोण हे पाहतात.

याशिवाय सल्लागार आर्किटेक्ट नेमणे अत्यावश्यक आहे. तो स्पर्धेत भाग घेत नाही आणि निवडही करत नाही. अटींचा मसुदा तयार करणे, स्पर्धकांच्या लेखी प्रश्नांची उत्तरे सर्वांना एकाच वेळी पाठवणे, प्रवेशिकांवरील नावे झाकून त्यांना क्रमांक देणे, आणि कोणती प्रवेशिका अटींबाहेर गेली हे परीक्षकांसमोर मांडणे ही त्याची कामे. मी स्वतः या स्पर्धेत उतरण्याची शक्यता असल्यामुळे ते काम मी घेणार नाही आणि या चर्चेतही आपल्या जागेच्या नकाशाबद्दल काही बोलणार नाही.

निवृत्त नगररचना अभियंता

वरील उत्तर व्यवसायाच्या बाजूने बरोबर आहे, परंतु त्याआधीचे काम कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. स्पर्धेचे आवाहन छापण्यापूर्वी ही जमीन कोणाची आहे याचे उत्तर कागदावर हवे. आपला भाग पूर्वी मुंबई प्रांतात होता, त्यामुळे जुन्या वस्तीत सिटी सर्व्हेचे उतारे मिळतात. परंतु उताऱ्यावर आजोबांचे नाव, महापालिकेच्या खात्यावर थोरल्या भावाचे नाव आणि प्रत्यक्ष राहणारा धाकटा, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. प्रत्येक घराचा सीटीएस (सिटी सर्व्हेतील) क्रमांक, उताऱ्यावरील क्षेत्र, प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र, वारस, भाडेकरू, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे आणि विहिरीचा वापर कोणाकोणाचा आहे, असा तक्ता आधी तयार करावा. शेवटचे दोन रकाने क्षुल्लक समजू नयेत. मागाची थ्री-फेज जोडणी आणि तिच्यावरची सवलत मीटरशी बांधलेली असते, आणि सामाईक विहिरीवरून साठ घरांचा एकोपा मोडलेला मी पाहिला आहे.

दुसरे, मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकून लोक ३३(७) ची भाषा बोलतात. तो नियम मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील असून तेथील जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर घेतला जाणाऱ्या) इमारतींसाठी आहे. कर्नाटकात तो लागू होत नाही. आपल्याकडे कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ खालील शहराचा आराखडा आणि त्याचे विभागीय नियम पाहावे लागतील. एफएआर (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) आणि उंची पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असल्यामुळे अरुंद गल्लीत फार चढता येणार नाही. बिल्डरने दाखवलेल्या तीन इमारतींना परवानगी मिळाली असती का, याचीही मला शंका आहे. म्हणून रस्त्याची रुंदी, सोडावयाची मोकळी जागा आणि मिळणारा एफएआर हे तिन्ही आकडे महापालिका आणि नगरविकास प्राधिकरणाकडून लेखी घेऊन ब्रीफमध्ये, म्हणजे स्पर्धकांना द्यायच्या गरजा आणि अटींच्या लेखी टिपणात, छापावेत. ते न छापता स्पर्धा घेतली, तर प्रत्येक स्पर्धक आपला आकडा धरून नकाशा काढतो आणि परीक्षकांसमोर तुलना करण्याजोगे काही उरत नाही.

तिसरे, पैसा कोणाचा? घरमालकांनी सहकारी कायदा १९५९ खाली सोसायटी नोंदवून स्वतःच्या पैशाने काम केले, तर आर्किटेक्ट कसा निवडायचा हे सोसायटी ठरवू शकते. महापालिका किंवा एखादे मंडळ प्रवर्तक (स्पर्धा आणि काम करवून घेणारे) झाले, की सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९ चा कर्नाटक कायदा येतो. मग स्पर्धा हीच निवडपद्धती म्हणून आधी मंजूर करून घ्यावी लागते. नाहीतर स्पर्धा पार पडल्यावर कोणीतरी अधिकारी कमी दराची निविदा मागतो, आणि विजेता घरी बसतो. जादा घरे विकून खर्च भागवायचा विचार असल्यास रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा २०१६ पाहावा. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि घरे आठपेक्षा अधिक असतील, तर विक्रीपूर्वी नोंदणी टळत नाही.

निपाणीचा वाचक

सर्वांच्या ज्ञानाचा आदर राखून सांगतो, साठ घरांसाठी स्पर्धा हे ओझे आहे. सल्लागाराचे शुल्क, परीक्षकांचा प्रवास, पाच जणांचे मानधन, बक्षिसे, छपाई आणि प्रदर्शन एवढा खर्च एक वीट न रचता होणार. तेवढ्या पैशात एका चांगल्या आर्किटेक्टाला वर्षभर गल्लीत बसवता येईल. त्याच्या जुन्या कामांची पाहणी करा, त्याच्या आधीच्या ग्राहकांशी बोला आणि नेमून टाका. स्पर्धेत जिंकतो तो तक्ता. आपल्याला हवा आहे माणूस.

गल्ली समिती, वडगाव

उत्तरांबद्दल आभार. उताऱ्यांचा तक्ता करण्याचे काम सुरू करतो. निपाणीच्या वाचकांचे म्हणणे आमच्या ज्येष्ठांना पटले आहे. परंतु तरुणांचा मूळ मुद्दा असा की, एकच आर्किटेक्ट नेमला तर त्याने दाखवले तेच आम्हाला दिसणार. दुसरे काय होऊ शकले असते हे कधी कळणारच नाही. बिल्डरच्या प्रस्तावाच्या वेळी हेच झाले होते. आणि मतदानाबद्दल अजून कोणी स्पष्ट सांगितलेले नाही. ज्यांना त्या घरांत राहायचे आहे त्यांना मत नको आणि बाहेरच्या तीन आर्किटेक्टांना हवे, हे सभेत कसे सांगणार?

मूळच्या खानापूरच्या, आर्किटेक्चरच्या प्राध्यापक

मतदानाचा प्रश्न विचारलात हे उत्तम झाले, कारण बहुतेक स्पर्धा येथेच फसतात. माझे मत स्पष्ट आहे: रहिवाशांचा अधिकार ब्रीफमध्ये हवा आणि तेथे तो पूर्ण हवा, शेवटी चित्रांवर मतदान घेणे म्हणजे तो अधिकार सर्वांत कमकुवत जागी देणे होय. तक्त्यावरच्या चित्रात संध्याकाळचा उजेड, झाडे आणि हसणारी मुले असतात. भिंतीची जाडी, मागाच्या हादऱ्याचे काय केले आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोणावर पडेल, हे त्या चित्रात दिसत नाही. शिवाय स्पर्धक हुशार असतात; मतदान होणार हे कळले की ते गल्लीत येऊन ओळखी काढतात आणि नावे झाकण्याला काही अर्थ उरत नाही.

याउलट ब्रीफ लिहिताना रहिवाशांना जे ठाऊक असते ते कोणत्याही परीक्षकाला ठाऊक नसते. तुमच्या गल्लीपुरते बोलायचे तर मागाची खोली किती लांब-रुंद हवी, मागावर बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) चढवताना किती मोकळी जागा लागते, माग चालू असताना शेजारच्या खोलीत अभ्यास होऊ शकतो का, ताणा लावण्याचे काम घरात होते की गल्लीत, सूत पावसात ओले होऊ नये म्हणून आज काय करता, माल घेऊन जाणारा टेम्पो कोठे थांबतो, हे सगळे मोजून आणि लिहून द्यावे. पॉवरलूमचा हादरा वरच्या मजल्यावर घातला तर स्लॅब आणि शेजारी दोघेही त्रासतात. त्यामुळे माग जमिनीवरच राहणार आणि वाहनतळाला दुसरी जागा शोधावी लागणार, ही अट ब्रीफच्या पहिल्या पानावर असावी. ही एक अट छापली असती, तर बिल्डरचा तो प्रस्ताव सभेपर्यंत पोहोचलाच नसता.

अशा ब्रीफला सभेत एकेका घराची मंजुरी घ्या. प्रत्येक कुटुंबाची सही घ्या, आणि त्या कुटुंबाच्या वतीने केवळ कर्त्या पुरुषाची सही पुरेशी मानू नका. मतदान हवेच असेल तर ते येथे घ्या: गल्लीतून वाहने जावीत की नाही, परस सामाईक करावा की वेगवेगळा, जुन्या भिंती वाचवता येतील तेथे वाचवाव्यात की सगळे पाडून नव्याने बांधावे. ही प्रश्नांची यादी मी उगीच लांबवत नाही. यातील शेवटच्या प्रश्नावर सगळ्या प्रकल्पाचा आकार ठरतो.

बर्लिनचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे १९७९ ते १९८७ या काळात आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन झाले आणि त्याचे दोन विभाग होते. नव्या इमारतींच्या विभागात जगभरातील नामवंत आर्किटेक्टांनी स्पर्धांतून घरे बांधली. जुन्या वस्तीचा विभाग हार्ट-वाल्थर हेमर यांच्याकडे होता. क्रॉइट्सबर्ग भागातील जुन्या चाळवजा इमारती पाडण्याचे बेत असताना त्यांनी जपून करावयाच्या नूतनीकरणाची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पहिलेच असे की, नूतनीकरण तेथे आज राहणाऱ्या आणि तेथेच धंदा करणाऱ्या लोकांसह आखले जावे आणि असलेले बांधकाम शक्यतो राखावे. तुमच्या गल्लीत राहणारा आणि धंदा करणारा एकच असल्यामुळे हे तत्त्व तुम्हाला दुपटीने लागू पडते. आणि हेही खरे की, तेथे हे काम एका विजेत्या चित्राने झाले नाही. एकेक इमारत आणि एकेक जिना हाती घेऊन झाले.

एकच विजेता असावा हा हट्टही तपासून पाहावा. पेरू देशात लिमा शहराजवळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेव्ही नावाची घरबांधणीची स्पर्धा झाली. संयुक्त राष्ट्रांचे साहाय्य होते आणि निमंत्रित परदेशी आर्किटेक्टांत आपले चार्ल्स कोरियाही होते. शेवटी एकच आराखडा सगळीकडे बांधण्याऐवजी अनेकांचे आराखडे मिसळून सुमारे पाचशे घरे उभी राहिली. पुढे रहिवाशांनी त्यांवर मजले चढवले, खाली दुकाने काढली. मूळ आराखड्यातच वाढीला वाव असल्यामुळे ते शक्य झाले. कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात बांधलेली घरेही अशीच वाढवता येणारी आहेत: सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती आणि कोणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे वाढवताना भांडण नाही. बेळगावच्या भावाभावांच्या वाटण्या पाहता ही शेवटची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. घर पुढे कसे वाढेल आणि कसे विभागले जाईल हे दाखवणारा एक नकाशा प्रत्येक स्पर्धकाकडून सक्तीने मागवावा.

निपाणीच्या वाचकांना उत्तर द्यायचे तर, माणूस हवा हे मलाही मान्य आहे. म्हणूनच दुसऱ्या टप्प्यात तक्त्यांबरोबर मुलाखत ठेवावी, असे मी सुचवेन. त्या वेळी नावे उघड होतात, हा तोटा आहे खरा. पण पहिल्या टप्प्यात नावे झाकलेली असल्यामुळे अनोळखी कार्यालयाला संधी मिळालेली असते, आणि दुसऱ्यात त्याच्याशी समोरासमोर बोलता येते. हे आवाहनातच जाहीर करावे.

खासबागच्या विणकर कुटुंबातील

ताईंनी लिहिलेले सगळे पटले. एक भर घालते. घर बांधून होईपर्यंत माग कोठे चालणार, हे स्पर्धेच्या अटींतच विचारावे. माणसे भाड्याच्या खोलीत राहू शकतात, माग राहू शकत नाही. आणि माग चार महिने बंद राहिला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते व परत येत नाही. म्हणून सगळी गल्ली एकदम पाडायची नाही, एका वेळी आठ-दहा घरे घ्यायची, आणि त्या घरांचे माग तोवर एका तात्पुरत्या शेडमध्ये चालवायचे, अशी मागणी करावी. जो आर्किटेक्ट ही शेड कोठे उभारायची हे दाखवणार नाही, त्याचा नकाशा कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवावा. ब्रीफ मराठीबरोबर कन्नडमध्येही छापावे, कारण आमच्या गल्लीत निम्मी घरे कन्नड बोलणाऱ्यांची आहेत आणि त्यांना वगळून घेतलेली सही पुढे टिकत नाही. उर्दू वाचणारे असतील तर त्यांच्यासाठीही सभेत वाचून दाखवावे.

टिळकवाडीतील आर्किटेक्ट

खासबागच्या ताईंची शेडची अट मला कोणत्याही छापील नमुन्यात मिळाली नसती. मी आता करारापुरते लिहितो, कारण तेथेच पुढे कोर्टकचेरी होते.

पहिले, विजेत्याला काम द्यायचेच, हे प्रवर्तकाने लेखी मान्य करावे आणि त्याचे शुल्क किती टक्के राहील हेही आवाहनात छापावे. पहिल्या बक्षिसाची रक्कम पुढील शुल्कात वळती होते, असे लिहिले म्हणजे तो खर्च वेगळा पडत नाही. निपाणीच्या वाचकांनी धरलेल्या खर्चातला एक भाग त्यामुळे कमी होईल. दुसरे, ठरावीक मुदतीत काम सुरू झाले नाही तर विजेत्याला भरपाई किती, हे आधीच ठरवावे. दिल्लीतील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८६ मध्ये राल्फ लर्नर यांनी जिंकली, आणि त्या आराखड्यातला काही भागच प्रत्यक्षात उभा राहिला. केंद्र सरकारच्या प्रकल्पाचे हे झाले, तर आपल्या सोसायटीचे पैसे मध्येच अडकू शकतात, हे धरूनच कलम लिहावे. तिसरे, आराखड्याचा कॉपीराइट आर्किटेक्टाकडे राहतो. हरलेल्या स्पर्धकाची एखादी कल्पना आवडली म्हणून विजेत्याकडून ती बांधून घेता येत नाही. तसे करायचे असेल तर त्याची परवानगी आणि मोबदला द्यावा लागतो.

विजेता बाहेरगावचा निघाल्यास काय, असे आपण विचारले होते. स्थानिक नोंदणीकृत आर्किटेक्टाबरोबर भागीदारीने काम करण्याची अट दुसऱ्या टप्प्यात घालता येते. पहिल्यात घालू नये, नाहीतर चांगल्या प्रवेशिका कमी होतात. महिन्यातून किती वेळा जागेवर यायचे आणि त्यांच्या वतीने रोज कोण हजर राहणार, हेही करारात यावे. पॉवरलूमच्या पायासाठी मातीची चाचणी सोसायटीने स्वखर्चाने आधी करून तिचा अहवाल सर्व स्पर्धकांना द्यावा. विहिरीतील पाण्याची पातळी जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये मोजून ठेवावी. पावसाळ्यातली पातळी पावसाळा निघून गेल्यावर मोजता येत नाही आणि बाहेरच्या स्पर्धकाला ती कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

गल्ली समिती, वडगाव

पुढील सभेपुढे असे ठेवतो: आधी उताऱ्यांचा तक्ता आणि सोसायटीची नोंदणी; मग मराठी व कन्नड ब्रीफ घरोघरी वाचून त्यावर सह्या; त्यानंतर सल्लागार आर्किटेक्टाची नेमणूक, आणि स्पर्धेचे आवाहन पावसाळ्यानंतर. शेवटी चित्रांवर मतदान घेणार नाही, पण परीक्षक मंडळावरील गल्लीचा प्रतिनिधी सभेतून निवडला जाईल. एक शंका उरली आहे: तो प्रतिनिधी घरमालकच असावा, की भाडेकरूही चालेल? आमच्याकडे सर्वांत जास्त माग चालवणारे दोन भाडेकरूच आहेत.

निवृत्त नगररचना अभियंता

सोसायटीच्या मतदानात सभासद कोण, हे उपविधी (सोसायटीचे स्वतःचे नियम) ठरवतात आणि तेथे भाडेकरू सहसा नसतो. परीक्षक मंडळावर मात्र कोणाला बसवायचे याला असे बंधन नाही, त्यामुळे सभेने भाडेकरूला निवडले तर कायद्याची हरकत नाही. फक्त त्याच्या पुनर्वसनाचे लेखी आश्वासन सोसायटीने आधी द्यावे. स्वतःची जागा राहील की नाही याची खात्री नसलेला परीक्षक दुसऱ्याच्या मागाची खोली मोजायला मोकळ्या मनाने बसू शकत नाही. मालक आणि भाडेकरू यांच्यात खटला चालू असेल त्या घरांची वेगळी खूण तक्त्यात करावी आणि पहिल्या आठ-दहा घरांत ती घेऊ नयेत.